उद्या न्यायला

सासूबाई हात फिरवून माणसांची दुखणी उतरवत. त्यांना वृद्धाश्रमात सोडल्यावर सुनेने घरातल्या त्यांच्याच खोलीत ‘आतली शहाणी म्हातारी’ नावाचे उपचारवर्ग सुरू केले.

आज सात जणी डोळे मिटून गोलात बसल्या होत्या.

“आतल्या म्हातारीला हाक मारा. ती काय म्हणते ते सांगा,” सून म्हणाली.

पहिलीचा आवाज घोगरा झाला. “सूनबाई, उद्या न्यायला येशील ना?”

“अगंबाई, आतसुद्धा सासूच!” कुणीतरी हसले.

दुसरीने त्याच आवाजात तेच विचारले. मग तिसरीने. हसू विरले.

पाच वर्षांपूर्वी आश्रमाच्या दारात विचारलेला तो प्रश्न सुनेखेरीज कुणीही ऐकला नव्हता.

सातवीची वेळ येताच सून घाईने म्हणाली, “हो, येईन.”

सातवीने डोळे उघडले नाहीत. “तेव्हाही असंच म्हणाली होतीस.”