सहाची काच

"चष्मा दुरुस्त नाही करायचा, भाऊजी. मला घटकाभर ह्यांचे डोळे हवेत," असं म्हणत बाईंनी नवऱ्याच्या चष्म्याची डबी काउंटरवर ठेवली. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता.

चष्मेवाल्याच्या तोंडी एरवी कायम एखादी थाप तयार असे. डोळे तपासतो म्हणून कुणी डॉक्टर म्हणालं, तर "हळू, खरे डॉक्टर ऐकतील," म्हणायचा. एका म्हाताऱ्याला म्हणे त्याने असा चष्मा करून दिला होता, की त्याला शेजारणीच्या मनातलं दिसायला लागलं. शेवटी शेजारणीनेच येऊन तो परत घ्यायला लावला. हा किस्सा बाईंच्या नवऱ्याने दर वर्षी नव्याने ऐकला होता, आणि दर वर्षी त्यात एक शेजारीण वाढली होती. आज मात्र त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा वहिनी. काय झालं ते नीट सांगा."

सांगण्यासारखं थोडंच होतं. दवाखान्यात आत नेताना नवऱ्याचं घड्याळ, अंगठी, चष्मा, सगळं काढून बाईंच्या हातात दिलं होतं. शेवटच्या दिवशी त्यांना क्षणभर आत सोडलं. नळ्यांच्या गुंत्यात जवळ जाता येईना, म्हणून त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. त्यांनी हाक मारायच्या आतच नवऱ्याने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. लगेच नर्सने बाहेर काढलं.

"चष्मा माझ्याच पिशवीत होता हो. काढून घालावा एवढं सुचलं नाही मला. तिथून ह्यांना मी कशी दिसले असेन, तेवढं बघायचंय. होतं ना तसं तुमच्याकडे?"

"होतं की. त्यांचा लांबचा नंबर सहाचा. उलटी सहाची काच तुमच्या डोळ्यांवर चढवली, की झालात तुम्ही ते."

त्याने बाईंना खुर्चीत बसवलं, तपासणीची जड चौकट नाकावर ठेवली आणि काचांच्या पेटीकडे वळला. सहाची काच त्याने उचललीही. तिच्यातून काय दिसणार हे त्याला पाठ होतं. चेहऱ्याच्या जागी एक भिजका डाग. नाक नाही, डोळे नाहीत.

त्याने मान वळवून पाहिलं. बाई हात मांडीत घट्ट धरून बसल्या होत्या, निकालाची वाट बघणाऱ्या पोरीसारख्या.

जन्मभर फुकटच्या थापा मारल्या. एखादी कामाची मारायला काय हरकत आहे? त्याने सहाची काच जागेवर ठेवली आणि एक नंबरची सौम्य जोडी चौकटीत सरकवली. मग स्वतः जाऊन समोर उभा राहिला.

"एवढ्याच लांब होतात?"

"जरा मागे. हं, तिथेच."

"दिसतोय मी?"

"दिसताय की." बाईंचा आवाज अगदी हळू होता. "मिशीसुद्धा दिसतेय. डावीकडे जास्त कापली गेलीय."

"मग झालं तर." तो मोकळेपणाने हसला. "त्यांनाही तुम्ही अशाच दिसल्या असणार. डोळ्यांतल्या पाण्यासकट."

"म्हणजे माणूस ओळखू येतं."

"न ओळखायला काय झालं?"

बाईंनी मांडीतले हात सोडले.

"मग ह्यांनी मला 'कोण बाई तुम्ही' असं का विचारलं?"

चष्मेवाला दोन ढांगांत पेटीपाशी आला. घाईघाईने तो काचा उपसू लागला.

"थांबा वहिनी, चुकलं माझं. ही एकची आहे. खरी सहाची ही बघा, ही लावा, हिच्यातून काही म्हणजे काही ओळखू येत नाही. सख्खी आईसुद्धा ओळखू येणार नाही."

बाईंनी चौकट आपल्या हाताने उतरवली, दांड्या नीट मिटून त्याच्यापुढे धरली.

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही मला बरं वाटेल तीच काच लावाल."