चांदीची परीक्षा

जाऊबाईंनी देव्हाऱ्यातलं चांदीचं नाणं अळंबीच्या रश्शात बुडवून वर काढलं. "काळं पडलं? नाही ना? मग खा."

आमच्या घरातली अक्कल अशी नाण्याएवढी.

"वारुळावरची अळंबी खालून पांढरी असते," मी म्हटलं. "ही दिसते तिच्या सख्ख्या बहिणीसारखी, पण खालून हिरवट आहे. ही बाधते."

"पाकिटातले मशरूम खाऊन वाढलेली आम्हाला अळंबी शिकवणार," जाऊबाई म्हणाल्या. माझा नवरा सगळ्यात मोठ्यानं हसला. मी लोणचं-भात घेतला.

संध्याकाळी घरातल्या बादल्या पुरेनात. दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी एकेकाची पाठ चोळत होते. जाऊबाईंनी बादलीतून तोंड वर काढलं.

"आमच्या घासाकडे बघत लोणचं-भात खात बसलीस ना? तुझीच दृष्ट लागली."