नगरधनची चूल

नगरधनच्या उत्खननात, दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजधानीच्या थरात, वेदिकाला काल संध्याकाळी एक चूल सापडली. आत राख होती आणि वर काळं पडलेलं गाडगं तसंच होतं. आज सकाळी ती येऊन बघते तर गाडगं अलगद बाजूला ठेवलेलं, राख उपसून टाकलेली आणि चूल शेणामातीनं छान सारवलेली.

खोदकामावरची, गावातलीच अंजनाबाई लुगड्याला हात पुसत शेजारी उभी होती.

"हे काय केलंत, अंजनाबाई? त्या राखेची तपासणी व्हायची होती. सर निघालेत नागपूरहून, त्यांना काय दाखवू आता?"

अंजनाबाईचा चेहरा उतरला. "तुमीच त काल सांगून राहिल्या होत्या मॅडम, का गाव घाईघाईनं उठून गेलं, चुलीवरचं गाडगंबी तसंच राहिलं."

"मग?"

"मंग त्या घरच्या बाईची चूल सारवाची राहून गेली असंन ना. आता परके लोक येतीन, अन् तिची राखेनं भरलेली चूल पाह्यतीन. कोण्या बाईले आवडते वं असं?"

वेदिका काही बोलणार, तेवढ्यात सरांचा फोन आला.

"वेदिका, किती जुनी आहे म्हणालीस ती चूल?"

चुलीवर अंजनाबाईच्या बोटांच्या अर्धगोल रेघा उमटल्या होत्या. वेदिका त्यांच्याकडे बघतच राहिली.

"सर," ती म्हणाली, "अजून ओली आहे."