सातवं आयंबिल

धुळ्याच्या दवाखान्यात अभयकुमार खुर्चीवर टिकेना. दारापासून खिडकी, खिडकीपासून दार. ज्या लिथियमच्या गोळीने त्याची बहीण प्रेमकुंवर उन्मादातून सावरली, तीच त्याला सहा महिने लागू पडत नव्हती. "एका आईची लेकरं, पण प्रत्येकाच्या पेशी निरोप वेगळा ऐकतात," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात प्रेमकुंवरच्या हातातला उकळलेल्या पाण्याचा पेला थरथरला. "खाणं काय चाललंय?" डॉक्टरांनी तिला विचारलं. "आयंबिलाचा उपास, दिवसातून एकदाच बिनतेलातुपाचं जेवण. नवांपैकी आज सातवा. मीठही सोडलंय." "मीठ सुटलं की तुम्ही रोज घेता ती हीच गोळी अंगात साचून विष होते, हात त्यानेच थरथरतोय. गोळी थांबवा, मीठ आत्ताच घ्या." "दोनच दिवस राहिले. भावासाठी धरलाय, मोडणार नाही." अभयकुमारच्या येरझाऱ्या थांबल्या. त्याने खानावळीतून मीठ आणलं, पेल्यात ढवळलं आणि तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. गुडघा अजून हलत होता. "जीजी, हा बघ, बसलो. आता पी."