शनिवारचा जप

"सोमवार सुबह, सर," निशांत म्हणाला, आणि त्याच्यापाठोपाठ खोलीतले सगळे हात भराभर वर गेले. जनार्दनराव पुराणिकांनी एकवार सगळ्यांकडे पाहून घेतलं. रागिनी, हरगोविंद, झाडून सगळे फितूर. इतरांचं त्यांना फारसं वाटलं नाही, पण सुरुवात निशांतनं करावी? हाताला धरून ज्याला काम शिकवलं, तोच उलटला होता.

ठिबक सिंचनाचे पाइप विकणारी कंपनी होती. झाशीच्या या छोट्या ऑफिसातली माणसं आठवडाभर टहरौली, एरच अशी गावोगाव हिंडायची आणि शनिवारी संध्याकाळी टीम मीटिंगला एकत्र यायची. ही वेळ जनार्दनरावांनीच ठरवलेली. आता वरून फर्मान आलं होतं, की मीटिंग कधी घ्यायची ते सगळ्यांच्या मतानं ठरवा.

त्यांनी किल्ला लढवून पाहिला. "देखिए, हफ्ते भर की बात सैटरडे को ही ताज़ा रहती है. सोमवार तक सब भूल जाओगे."

"साहब, सनीचर की साँझ तो घर खों दै दो," हरगोविंदनं हातच जोडले. "मोड़ा-मोड़ी गैल हेरत रत."

पोरं वाट बघत बसतात म्हणे. जनार्दनरावांचं खरं कारण मात्र चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. बायको, अनुसूया, गेल्यापासून त्यांना घर खायला उठत होतं. लेक श्रेया बंगळुरूला. तिचा फोन यायचा, पण मराठीत विचारावं तर उत्तर हिंदीत. म्हणून शनिवारची मीटिंग ते मुद्दाम लांबवत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत, समोसे मागवत, कुणी उठू लागलं की नवा विषय काढत. तेवढी संध्याकाळ माणसांत गेली की रविवार कसाबसा ढकलता यायचा. आता शनिवारीसुद्धा उजेडातच घरी जायचं, कुलूप काढायचं आणि आत जाऊन बसायचं. त्यांना खरोखर भीती वाटली.

त्यांनी मान खाली घातली आणि सवयीप्रमाणे पुटपुटले, "जा बाबांनो, पळा. तुमची वाट बघणारं कुणीतरी आहे. माझी कोण बघतंय?"

सगळ्यांनी आदरानं माना झुकवल्या. रागिनीनं तर डोळेच मिटले. पुराणिक म्हणजे पूजापाठवाल्यांचं घराणं, हे ऑफिसला ठाऊक होतं. त्यामुळे साहेब मराठीत पुटपुटू लागले की ते जप करतायत, अशी सगळ्यांची भाबडी समजूत. जनार्दनरावांनी ती कधी मोडली नव्हती. उलट त्या जपाच्या आडून आजवर काय काय बोलून घेतलं होतं! ग्वाल्हेरहून आलेल्या मोठ्या साहेबांना तोंडावर 'दुधी भोपळा' म्हटलं होतं, आणि साहेबांनी वर भक्तिभावानं नमस्कार केला होता. बायको गेल्यावर त्यांच्याकडे मराठी उरली ती एवढीच, आपलं आपल्याशी बोलायची.

"ठीक है. सोमवार," ते शेवटी म्हणाले. लोक टाळ्या पिटायचेच बाकी होते. बॅगा उचलून हां हां म्हणता सगळे पांगले.

निशांत तेवढा मागे रेंगाळला.

"अब क्या है, तिवारी जी?" एरवी 'बेटा' म्हणणाऱ्या जनार्दनरावांनी आज मुद्दाम आडनाव काढलं.

निशांतनं घसा खाकरला. "काका," तो म्हणाला, आणि अडखळत पुढे निघाला, "मला येते मराठी. मतलब, समजते. बोलायला लाज वाटते. माझी आई मराठी, इथल्या नगरा मोहल्ल्यातली. तिचे बाबा रेल्वेत होते."

जनार्दनराव मटकन खुर्चीत बसले. आजवरचा सगळा जप त्यांच्या कानांत वाजू लागला. "म्हणजे तो... दुधी भोपळा?"

"आईला सांगितला. खूप हसली." निशांतलाही हसू आवरेना. "मी दर शनिवारी घरी जाऊन सांगतो, काका आज काय बोलले. पापांना मराठी येत नाही. आजी गेली, तेव्हापासून आईशी पण मराठीत कोणी बोलत नाही. ती कधीची म्हणते, काकांना जेवायला आण. रविवारी पापांची ड्यूटी असते. आणि शनिवारी तुमची मीटिंग संपतच नाही. म्हणून मीच सगळ्यांना बोललो, सोमवार म्हणा."

जनार्दनरावांना मराठीत काही म्हणायचं होतं आणि समोर ऐकणारं माणूस होतं. या गोष्टीची त्यांना सवयच राहिली नव्हती. ते नुसते टेबलाकडे बघत राहिले.

निशांतला वाटलं, हा नकार. तो घाईघाईनं शब्द जुळवू लागला. मघाचा जप त्याला आठवला असावा.

"नाही म्हणू नका ना, काका," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "आई खरंच तुमची वाट लावते."

दुरुस्ती जनार्दनरावांच्या अगदी ओठांवर आली होती. ती त्यांनी गिळून टाकली.

"लावू दे रे," ते म्हणाले. पुटपुटले नाहीत, चांगलं मोठ्यानं म्हणाले. "लावू दे!"