कावळ्याचे शेरे

निवृत्त झाल्यावर कुरामोचींनी फोटोग्राफी शिकायला घेतली. एका संकेतस्थळावर फुकट धडे होते, शिवाय आपले फोटो टाकून इतरांचं मत घ्यायची सोय होती. तिथे 'कावळा' नावाचा कुणीतरी हात धुऊन त्यांच्या मागे लागला होता. "तळं डावीकडे सांडतंय. तिसरा धडा पुन्हा वाचा." "मच्छीमाराचं डोकं कुठे गेलं? पाचवा धडा!"

"अगं, या मेल्याला दुसरा उद्योग नाही का?" ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे.

"दुर्लक्ष करा हो," बायको, चिझुरू, आतूनच म्हणायची. "जळतात लोक."

चरफडत का होईना, कुरामोची तो धडा उघडायचेच.

आज त्यांनी शिंजी तळ्यावरचा सूर्यास्त टिपला. दहादा तपासून फोटो टाकला आणि तिथेच ठाण मांडून बसले. "आता काढ म्हणावं खोट!"

बऱ्याच वेळाने कावळ्याचं उत्तर आलं.

"खोट काढायला जागाच नाही. सुरेख! आता उठा, शिंपल्यांचं सूप तिसऱ्यांदा गरम केलंय."