तांबडी चारदा अडली

"ही? ही तर लोणी आहे लोणी!" मामा म्हणाले आणि त्यांनी तांबडीच्या मानेवर थोपटलं.

चिठ्ठी टाकून घोडा मिळतो, हा या पंचक्रीडा स्पर्धेचा नियम. तलवारबाजी आपली, पोहणं आपलं, शेवटची धाव आणि नेमबाजीही आपली. मध्ये मात्र एक अनोळखी घोडा, ओळख करून घ्यायला वीस मिनिटं, आणि मग भरल्या मैदानात अडथळ्यांवरून उड्या. लोक भाड्याचं घरसुद्धा यापेक्षा जास्त चौकशी करून घेतात.

आज भाचीचं नशीब जोरावर होतं. तलवारबाजीत तिने भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं, पोहण्यात स्वतःचाच विक्रम मोडला होता. ती दुसऱ्या क्रमांकावर होती. घोड्यावरची फेरी नीट झाली की संघातली जागा पक्की. त्या जागेसाठी मामा-भाची कित्येक वर्षं पहाटे उठत होते. मामाच प्रशिक्षक असल्यामुळे बिचारीची जेवतानाही सुटका नसे.

सरावात तांबडीने दोन उड्या मारल्या. कान पुढे, मान ताठ, दांडीला साधा धक्काही नाही. मामांनी हवेत मूठ उगारली.

भाची मात्र खाली उतरली. हातमोजा काढून तिने तांबडीच्या पुढच्या डाव्या पायावरून हात फिरवला.

"डॉक्टर, हा पाय गरम वाटतोय."

घोड्यांचे डॉक्टर कुंपणाशीच उभे होते. त्यांनी तांबडीला सरळ रेषेत पळवून बघितलं. ती छान पळाली.

"सकाळीही तपासलीय. काही नाही झालेलं," ते म्हणाले आणि पुढच्या घोड्याकडे वळले.

"वळताना पाय आखडते ती," भाची म्हणाली.

"ती नाही, तू आखडलीयेस," मामा म्हणाले. "पोटात गोळा आला की सगळे घोडे लंगडे दिसतात. माझंही असंच व्हायचं."

"आणि मी बसलेच नाही तर?"

"तर तू बाहेर, आणि तांबडी जाईल पुढचीकडे. एका घोड्यावर दोघीजणी बसतात, विसरलीस का?"

तांबडीवर नंतर बसणार होती ती 'दांडपट्टा'. हे नाव तिला तिच्या उजव्या हातामुळे पडलं होतं, फेरीभर चाबूक म्हणून थांबायचा नाही. नव्या नियमाने चाबकाचे फटके मोजायला सुरुवात झाली, तेव्हा बाईंनी टाचांवर भर दिला. आता ती पलीकडे हातमोजे चढवत, गिऱ्हाईक मालाकडे बघतं तशी तांबडीकडे बघत होती.

भाचीने एकदा दांडपट्ट्याच्या टाचांकडे बघितलं. तांबडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि खोगिरावर बसली.

भोंग्यावरून निवेदक प्रेक्षकांना नियम समजावत होता. दांडी पडली की गुण गेले. वेळ जास्त लागला की गुण गेले. चार वेळा घोडा अडला की फेरी संपली, मग तो घोडा आज पुन्हा मैदानात नाही, पुढच्या स्पर्धकाला राखीव घोडा. कोणी फारसं ऐकत नव्हतं. मामा तर दातांनी नखं कुरतडत होते.

घंटा झाली.

भाची पहिल्या अडथळ्याकडे निघाली. इतकं हळू कोण जातं, असं मामांच्या मनात आलं. शेवटच्या पावलांना तिचं वजन मागे गेलं आणि तांबडी अडथळ्याला बगल देऊन बाजूने निघून गेली.

"टाच लाव!" मामा ओरडले. "लगाम सैल सोड!"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा हशा पिकला. "घोड्यावर बसता येत नाही तर येतात कशाला या?" मागून कोणीतरी म्हणालं. अलीकडे जो तो या खेळाला हेच ऐकवायचा. मामांनी मान खाली घातली. चौथ्यांदा तांबडी अडथळ्यापासून चांगली लांबच थांबली, मान वर, कान पुढे. पुन्हा घंटा झाली. शून्य गुण.

भाचीने मात्र तांबडीच्या गळ्यात हात टाकले आणि पदक मिळाल्यासारखा सगळ्या मैदानाला हात हलवला. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं मामांना वाटलं.

शेवटच्या धावेला ती सगळ्यांच्या मागून निघाली. आणि काय धावली! पळत सुटायची, नेम साधायची, पुन्हा सुटायची. एकेकीला मागे टाकत गेली. मघाशी हसणारे आधी गप्प झाले, मग उठून उभे राहिले, मग घसा फोडून ओरडायला लागले. अगदी शेवटी तिने दांडपट्ट्यालाही गाठलं आणि मागे टाकलं. पदक हुकलं, संघातली जागाही हुकली, पण रेषा ओलांडताना तिचे दोन्ही हात वर होते. पहिल्या आलेल्या मुलीपेक्षा तिलाच टाळ्या जास्त पडल्या.

मामा पाण्याची बाटली घेऊन आले. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून आले होते, पण आधी बाटलीच तिच्या हातात दिली. तेवढ्यात डॉक्टर लगबगीने आले.

"चारदा अडलेला घोडा पुन्हा तपासावाच लागतो," ते म्हणाले. "या वेळी गोल फिरवून बघितली, मग यंत्र लावलं. पायामागची शीर तुटायला आलीय. आज हिच्यावर आणखी कोणी बसलं असतं तर पाय गेला होता. आणि पाय गेलेल्या घोडीचं काय करतात ते तुम्हाला माहीतच आहे. आता काही महिने आराम केला की बागडेल."

"म्हणजे दुखत होतं म्हणून अडत होती!" मामांचा चेहरा उजळला. "बघ, तुझी चूक नव्हतीच. घोडीच शहाणी निघाली."

भाची घटाघटा पाणी प्यायली. तबेल्याच्या दारातून मान बाहेर काढून तांबडी तिच्याकडेच बघत होती.

"अडली कुठे, मामा?" ती हसून म्हणाली. "ती तर चारही वेळा उडायलाच निघाली होती."